कीर्द, खतावणी आणि तबकडी

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी रायपूरच्या गोल बाजारात शिरलं की दुकानांच्या फळ्यांवर लाल कापडाच्या लांबट वह्या मांडलेल्या दिसतात. नाव गोल असलं तरी आतल्या गल्ल्यांतून हिंडताना गोलाई कुठे जाणवत नाही. लग्नाचं सामान, पूजेचं सामान, जडीबुटी, भांडी असं एकाला लागून एक. त्यात या वह्या. हिंदीत बही, आमच्या घरात चोपडी. ती वर उघडते, आडवी नाही. तिच्या कागदावर रेघा आखलेल्या नसतात. पान उभं दुमडून सळ पाडलेले असतात आणि त्या सळांचेच रकाने होतात. वरच्या लाल कापडाला दोरी शिवलेली असते, ती गुंडाळून बांधायची. आता तिथले बहुतेक व्यापारी हिशेब टॅलीत ठेवतात. तरी लक्ष्मीपूजनाला एक चोपडी घेतात, पहिल्या पानावर स्वस्तिक आणि शुभ-लाभ लिहितात, हळदकुंकू वाहतात. काही घरांत त्याच हळदकुंकवाची दोन बोटं आता संगणकाच्या कॅबिनेटलाही लागतात. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. हिशेब जिथे राहतो तिथे पूजा, एवढं साधं आहे ते.

हा लेख त्या कॅबिनेटच्या आत बसवलेल्या वस्तूबद्दल आहे. हार्ड डिस्कबद्दल. आणि थोडा माझ्या पणजोबांच्या सात चोपड्यांबद्दल, कारण त्या माझ्या हातून गेल्या.

पणजोबा भंडाऱ्याकडचे. बंगाल नागपूर रेल्वेनं रायपूरला आले आणि गोल बाजारात एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे मुनीम म्हणून लागले. मराठी माणसाला इथे परकं वाटावं असं काही नव्हतं. 1758 साली बिंबाजी भोसले रतनपूरला आले आणि 1787 मध्ये मरण येईपर्यंत तिथूनच छत्तीसगडचा कारभार पाहत होते. मराठी भाषा आणि मोडी लिपी या भागाच्या दफ्तरात शिरली ती त्या काळात. 1818 नंतर कंपनीच्या देखरेखीखाली कर्नल अ‍ॅग्न्यूनं कारभाराचं ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं. 1830 मध्ये मुलूख पुन्हा भोसल्यांकडे गेला आणि 1854 मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं तेव्हा कायमचा इंग्रजांकडे आला. राज्यं बदलली तरी कारकून, पटवारी, भिक्षुक, शिक्षक अशी माणसं राहून गेली. रायपूरच्या तात्यापाऱ्यात अजून मराठी ऐकू येतं, जरी त्यात हिंदीचं पाणी बरंच मिसळलेलं असलं तरी.

पणजोबा मालकाच्या चोपड्या मालकाच्या रीतीनं लिहीत आणि स्वतःच्या घराचा हिशेब मोडीत. आमच्याकडे होत्या त्या या घरच्या. त्यांत कीर्द वेगळी आणि खतावणी वेगळी होती. हा फरक आता वाणिज्य शिकणाऱ्या मुलांनासुद्धा पुस्तकातूनच माहीत असतो, म्हणून सांगते. कीर्दीत दिवस जसा घडला तसा उतरतो: सकाळी मीठ, दुपारी हमालाला दोन आणे, संध्याकाळी पाहुणे आले म्हणून साखर. खतावणीत त्याच नोंदी माणसागणिक, खात्यागणिक वेगळ्या काढून लिहायच्या. कीर्द वाचायची तर पहिल्या पानापासून. खतावणीत अमक्याचं येणं किती, हे त्याच्या पानावर थेट जाऊन पाहता येतं.

संगणकाच्या साठवणीचा इतिहास मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हीच जोडी आठवली. पंच कार्डं आणि चुंबकीय फीत म्हणजे कीर्द. फितीच्या मधल्या कुठल्या तरी जागी असलेली नोंद हवी तर तिथवर फीत गुंडाळत न्यावी लागते. म्हणून त्या काळच्या मोठ्या कंपन्या दिवसभराची कार्डं साठवून एकदम यंत्राला खाऊ घालत, आणि एखाद्या गिऱ्हाइकाचं खातं आत्ता, या क्षणी काय आहे, ते कोणालाच सांगता येत नसे. 1956 साली आयबीएमनं कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे तयार केलेलं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव रॅमॅक. या नावातल्या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ मराठीत सांगायचा तर ‘हिशेब आणि नियंत्रणाची थेट गाठण्याची पद्धत’ असा होईल. पहिली हार्ड डिस्क जन्माला आली ती खतावणीसाठीच. कविता, छायाचित्रं किंवा गाणी ठेवण्याचा विचार तेव्हा कोणाच्या मनात नव्हता.

ती प्रयोगशाळा रेनल्ड जॉन्सन यांच्या हाताखाली होती. त्याआधी ते शाळामास्तर होते. रॅमॅकच्या साठवणीत 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या एका दांड्यावर बसवलेल्या होत्या. त्या मिनिटाला 1200 फेरे घेत. सगळ्या मिळून मावत 50 लाख अक्षरं. वजन सुमारे एक टन. आणि हे सगळं विकत नव्हे, भाड्यानं मिळे: पूर्ण यंत्रणेचं महिन्याचं भाडं 3,200 डॉलर. तबकड्यांवर जो थर द्यायचा तो लोहाच्या ऑक्साइडचा, तांबूस तपकिरी. गोल्डन गेट पुलाच्या रंगाशी त्याचं नातं सांगतात. तो थर सारखा बसेना, तेव्हा तिथल्या लोकांनी रंग बायकांच्या तलम पायमोज्यातून गाळला आणि फिरत्या तबकडीवर कागदी पेल्यानं ओतला. लोहाचं ऑक्साइड म्हणजे आपल्याकडचा गेरूच की. अंगणात सडा घालून कडेला गेरूची रेघ ओढणाऱ्या कुठल्याही बाईला त्या प्रयोगशाळेत पाहुणी म्हणून नेली असती तर रंग कसा गाळायचा हे तिनं पहिल्या दिवशी सांगितलं असतं.

1958 च्या ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात हे यंत्र ‘प्रोफेसर रॅमॅक’ या नावानं मांडलं होतं. पाहुण्यानं एखादं साल सांगायचं, यंत्र त्या सालातली घटना छापून द्यायचं. दहा भाषांतून. अनुवादकाला यात थोडी गंमत वाटते आणि थोडी धास्तीही. हिशेबासाठी केलेल्या वस्तूला लोकांसमोर उभं करायचं म्हटल्यावर तिच्या मालकांना इतिहास आणि भाषांतर हेच आठवलं.

पुढचा पल्ला मी भरभर उरकते, कारण तो आकडे घटण्याचा आणि वाढण्याचा आहे: तबकड्या लहान झाल्या, माव वाढत गेली. 1973 मध्ये आयबीएमनं 3340 नावाची साठवण आणली. तिच्या मूळ आराखड्यात 30-30 मेगाबाइटचे दोन भाग होते. हे आकडे विंचेस्टर रायफलीच्या काडतुसाशी जुळले म्हणून तिला विंचेस्टर नाव पडलं. तिच्यात तबकडी आणि वाचणारं हेड एकाच बंद पेटीत आले. माझ्या गोष्टीपुरता महत्त्वाचा बदल हाच. 1980 मध्ये सीगेटनं सव्वापाच इंची, 5 मेगाबाइटची, 1500 डॉलरची डिस्क काढली. 1983 मध्ये आयबीएमच्या पीसी एक्सटीत 10 मेगाबाइटची डिस्क बसवूनच येऊ लागली. जी वस्तू खोलीभर जागा अडवत होती ती यंत्राच्या पोटात गेली आणि दिसेनाशी झाली. 1988 मध्ये फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पीटर ग्रूनबर्ग यांनी अगदी पातळ धातूंच्या थरांवर चुंबकाचा जो विलक्षण परिणाम टिपला, त्याच्या आधारानं 1997 पासून डिस्कची माव झपाट्यानं फुगली. दोघांना 2007 चं भौतिकीचं नोबेल मिळालं.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक 1960 मध्ये चालू झाला आणि 1964 मध्ये तिथेच सीडीसी 3600 आला. पण बाजारातल्या माणसाला संगणक दिसला तो बँकेत. 1984 च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर शाखांमध्ये जी यंत्रं आली त्यांचं नावच होतं लेजर पोस्टिंग मशिन. खतावणी लिहिणारं यंत्र. टॅली बनवणारी कंपनी 1986 मध्ये बंगळूरला सुरू झाली. गोल बाजारातली मुनिमांची गादी उठली ती त्याच्या नंतरच्या वीसेक वर्षांत, हळूहळू, एकेका दुकानातून. 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर उरलेसुरलेही उठले. या कायद्यानं वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने हिशेब जपायला सांगितलं आहे. पणजोबांना सहा वर्षं ही मुदत ऐकून काय वाटलं असतं कोण जाणे. कर्ज नातवाकडून वसूल करण्याचा तो काळ.

कायद्याला मात्र चोपडी सोडवेना. 2024 पर्यंत लागू असलेल्या 1872 च्या पुरावा कायद्याचं 34 वं कलम नियमित ठेवलेल्या हिशेबाच्या पुस्तकांबद्दल होतं: अशा नोंदी पुराव्यात घेता येत, पण नुसत्या त्यांच्या जोरावर कोणावर देणं लादता येत नसे. मग पुस्तक म्हणजे काय? 1998 मध्ये जैन हवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला हे ठरवावं लागलं. बांधलेली पानं म्हणजे पुस्तक. सुटे कागद म्हणजे नाही. म्हणजे दोरीचं महत्त्व. 2000 साली माहिती तंत्रज्ञान कायदा आला तेव्हा त्या कलमात इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवलेली पुस्तकंही बसवली. 1891 च्या बँकांच्या वह्यांबद्दलच्या कायद्यातही फ्लॉपी, डिस्क, फीत हे शब्द शिरले. डिस्कला दोरी नसते. तिथे पानं कशानं बांधलेली असतात हा प्रश्न पुढची वीस वर्षं न्यायालयांना छळत राहिला. त्याचा बराचसा निकाल एका मराठवाडी खटल्यात लागला. जालना विधानसभेच्या 2014 च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला की उशिरा, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणावरून ठरायचं होतं. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. जुलै 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की चित्रणाची प्रत द्यायची तर तिच्यासोबत कायद्यानं ठरवलेलं प्रमाणपत्र हवंच. पण ज्या यंत्रात माहिती पहिल्यांदा साठली ते मूळ यंत्रच मालकानं साक्षीच्या पिंजऱ्यात आणून दाखवलं तर प्रमाणपत्राची गरज नाही. मला हे वाचून मोठं समाधान वाटलं होतं. एवढ्या वर्षांनी कोणीतरी म्हटलं की डिस्क ही वस्तू आहे आणि मूळ प्रत म्हणजे ती वस्तूच.

2007 च्या दिवाळीत मी हे विसरले.

घर पाडून नवं बांधायचं होतं. माळ्यावरून सात चोपड्या निघाल्या, वरचं लाल कापड विटून वीटकरी झालेलं. मी तेव्हा नुकताच स्कॅनर घेतला होता. अनुवादाच्या कामासाठी लागायचा. तुलनात्मक साहित्याच्या वर्गात दस्तऐवज, अभिलेख, स्मृती यांवर आम्ही तासन्‌तास बोललो होतो. दप्तर हा शब्द फारसीतून आला आणि त्याच्याही मागे चामडं या अर्थाचा ग्रीक शब्द आहे, हे मी चारचौघांत सांगत असे. पेशवे दफ्तरातले कागद रुमालात बांधलेले, रियासतकार सरदेसाईंनी त्यांतून 1930 ते 1934 मध्ये 45 खंड काढले, हेही. सुट्टीत बसून मी सातही चोपड्या पानपान करून संगणकात घेतल्या. 80 गिगाबाइटची डिस्क होती. सगळी चोपडी घराणी तिच्या एका कोपऱ्यात मावली. मोडी मला येत नव्हती. दुसरी प्रत केली नाही. सीडीवर घालू म्हटलं, राहिलं. आणि चोपड्या, सामान हलवण्याच्या घाईत, कबाडीवाल्याला किलोवर गेल्या. कोणी दिल्या असं नाही. मी ‘कम्प्युटरमध्ये आहेत’ असं म्हटलं, एवढंच.

आजी तेव्हा होती. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं फक्त विचारलं, “आणि ते कम्प्युटर कुठं ठेवणार आहेस गं, नव्या घरात?”

2010 च्या मे महिन्यात, रायपूरच्या उन्हाळ्यात, डिस्क टकटक वाजू लागली. ज्यांनी तो आवाज ऐकला आहे त्यांना वर्णनाची गरज नाही. आत काय होतं ते मला मागाहून कळलं. तबकडी मिनिटाला 7200 फेरे घेते आणि हेड तिच्यावर टेकत नाही, हवेच्या पातळ थरावर तरंगतं, काही नॅनोमीटर उंचीवर. माणसाचा केस सुमारे 80 हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून काय ते समजावं. पेटीत पोकळी असते असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही, हेडला तरंगायला हवा लागते, म्हणून तिला गाळणी लावलेलं एक बारीक छिद्र असतं. हेड नादुरुस्त झालं की त्याला आपली वाट सापडत नाही, ते परत मागे जातं, पुन्हा निघतं. टकटक त्याची. जयस्तंभ चौकाजवळच्या एका दुकानदारानं ती कानाला लावली आणि म्हणाला, “दीदी, बॉडी तो ठीक है, आत्मा निकल गई.” मग ती मुंबईला गेली, जिथे धूळविरहित खोलीत पेटी उघडतात. मी दोन पुस्तकांच्या अनुवादाचं मानधन त्यात घातलं.

परत आलं ते असं होतं. डिस्कवर एक अनुक्रमणिका असते, कुठली फाइल कुठे आहे ते सांगणारी. आपण फाइल पुसतो तेव्हाही बहुधा मजकूर पुसला जात नाही, अनुक्रमणिकेतली ओळ तेवढी खोडली जाते. माझ्या डिस्कचा तोच भाग गेला होता. नावं, तारखा, कप्पे काही उरलं नव्हतं. अशा वेळी ही माणसं तबकडीवरचा कच्चा मजकूर पहिल्यापासून वाचत जातात. कीर्दीसारखा. छायाचित्राच्या प्रत्येक फाइलची सुरुवात ठरावीक चिन्हांनी होते, ती चिन्हं दिसली की इथून एक चित्र सुरू झालं असं धरायचं. पणजोबांच्या पानाच्या माथ्यावर ‘श्री’ असे, तसंच. त्या चिन्हांच्या आधारानं मिळालेली चित्रं क्रमांक घालून एका डिस्कवर आली, माझ्या सहलीच्या फोटोंत, कोणाकोणाच्या बारशात, पुस्तकांच्या मुखपृष्ठांत मिसळलेली. चोपड्यांची पानं निम्म्याहून कमी.

अनुवादाच्या फाइली जवळजवळ सगळ्या मिळाल्या आणि मी त्या उघडल्या तर रोमन अक्षरं, कंस आणि टक्क्याच्या खुणा यांचा लगदा. ही वेगळीच गोष्ट आहे, पण मराठीत लिहिणाऱ्या माझ्या वयाच्या सगळ्यांची आहे. पुण्याच्या सी-डॅकनं 1988 पासून भारतीय लिप्यांसाठी मोठं काम केलं, इस्की ही संकेतपद्धती 1991 मध्ये भारतीय मानक झाली, युनिकोडची देवनागरी तिच्यावरूनच घेतली. पण घराघरांतल्या संगणकांत जे फाँट होते ते या कशालाच जुमानत नव्हते; रोमन अक्षराच्या जागी देवनागरी आकार बसवलेला, बस. फाँट असला तर मराठी, नसला तर लगदा. माझा फाँट जुन्या विंडोजसोबत गेला होता. महिनाभर शोधून तो मिळाला तेव्हा मजकूर जिवंत झाला, युनिकोडमध्ये नेताना मात्र ‘दऱ्या’चे ‘दर्या’ झाले. डोंगरांमधल्या दऱ्यांत एकाएकी समुद्र शिरला. मी ते एकेक करून उपसले. या अर्ध्या र साठी युनिकोडमध्ये वेगळा ऱ वापरावा लागतो, हे ज्या मराठी माणसांनी लावून धरलं त्यांचे उपकार आहेत.

माधवराव सप्रे आठवतात अशा वेळी. 1900 साली पेंड्र्याहून त्यांनी ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढलं. मराठी घरातला माणूस, हिंदीचा संपादक, दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेणारा. मासिक जेमतेम तीन वर्षं चाललं. पण छापलेलं होतं, निरनिराळ्या गावी गेलं होतं, म्हणून आज वाचता येतं. माझ्या पणजोबांची चोपडी एकच होती, आणि तिची प्रतही मी एकच केली.

आता माझ्या संगणकात फिरणारं काही नाही. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांच्या संशोधनातून निघालेली फ्लॅश साठवण आहे, वीजभार कोंडून ठेवणारी. आवाज करत नाही, टकटकही करणार नाही. पुसलेलं परत मिळण्याची शक्यता तिच्यात फार कमी, कारण रिकामी झालेली जागा ती स्वतःहून साफ करून टाकते. आणि वापरून झिजलेली, विजेशिवाय कपाटात पडलेली असली तर कोंडलेला भार हळूहळू गळतो. उष्णता जितकी जास्त तितका लवकर. रायपूरचा मे महिना मनात धरूनच मी हे वाचलं. चोपडी माळ्यावर सत्तर उन्हाळे राहिली होती.

2015 नंतर मी मोडी शिकले. उशिरा, पण शिकले. सापडलेली पानं लावत बसते. तांदूळ, घासलेट, टांग्याचं भाडं, मालकाकडून उचल, आजोबांची शाळेची फी. ‘बिलासपूरला मनिऑर्डर’ दर दोन महिन्यांनी, नाव नाही. बिलासपूरला आमचं कोण होतं ते आता कोणी सांगू शकत नाही. आणि एक पान आहे. स्कॅन करत होते तेव्हाच ते लक्षात राहिलं होतं, कारण त्यावर एका दिवसाच्या नोंदी इतर दिवसांपेक्षा मोठ्या अक्षरात, घाईनं लिहिल्यासारख्या होत्या. माघ महिना आहे. लाकडं, कोरं कापड, तूप, ब्राह्मणाला दक्षिणा. अशा नोंदी कधी होतात ते कोणालाही कळेल. पण आमच्या माहितीतलं कोणी त्या वर्षी गेलेलं नाही. आजीला मी विचारलं होतं. ती लग्न होऊन आली ती बऱ्याच वर्षांनी, तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. पणजीला एक मुलगी झाली होती असं तिनं कुठेतरी ऐकलं होतं. की मुलगा. ते तिला आठवत नव्हतं.

चित्राची फाइल अर्धीच परत आली आहे. अशा फाइलीत वरचा भाग दिसतो आणि जिथे मजकूर तुटला तिथून खाली सगळं करडं होतं. करड्याच्या वरची शेवटची ओळ मी पुष्कळदा मोठी करून पाहिली आहे. ती ‘चि.’ या अक्षरानं सुरू होते.